तुपाच्या थेंबाखाली

परळ येथील ज्या जुन्या वास्तूत हाफकिन संस्था नांदते, तिचा इतिहास चाळताना माझ्या मनात नेहमी असे येते की, कागदोपत्री त्या घराचे धनी कोणीही असोत, त्याचे भवितव्य वेळोवेळी ठरविले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनीच. आरंभी जेझुइट पाद्र्यांचा मठ, पुढे इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान, अशी या वास्तूची चढती कमान होती. परंतु ज्यांचे नाव पुण्याच्या महाविद्यालयास मिळाले त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या कारकीर्दीत, १८८२ साली, त्यांच्या पत्नी पटकीने दगावल्या, आणि पुढे थोड्याच वर्षांत लाटसाहेबांचे बिऱ्हाड परळ सोडून मलबार पॉइंटच्या समुद्रवाऱ्यावर गेले. एका जंतूने घर रिकामे केले; ते पुन्हा भरावयाचे होते ते दुसऱ्या जंतूच्या निमित्ताने.

हा दुसरा जंतू मुंबईत प्रकटला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवीच्या दाट वस्तीत, धान्याच्या वखारींच्या शेजारी, जांघेत व काखेत गाठ येऊन माणसे तापाने पटापट मरू लागली तेव्हा डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात म्हणजेच प्लेग होय असे निदान केले, आणि ते ऐकून अर्धे शहर गाठोडी बांधून गावाकडे निघाले. रोगाचा जंतू अलेक्झांडर येर्सां यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. तेव्हा शत्रूचे रूप ठाऊक होते, पण त्याचे येणेजाणे, खाणेपिणे, आवडीनिवडी यांपैकी काहीच निश्चित ठाऊक नव्हते. ऑक्टोबरात सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलाविले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथपालाची नोकरी करता करता पटकीची लस सिद्ध करणारा हा छत्तीस वर्षांचा ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत एक कारकून आणि तीन चपराशी एवढ्या फौजफाट्यानिशी कामास बसला.

हाफकिन यांना हवी होती मेलेल्या जंतूंची लस, म्हणजे आधी जिवंत जंतूंचे पीक, आणि तेही विपुल. त्यासाठी लागणारा मांसरस युरोपात गाईच्या मांसाचा करीत. येथे हिंदू आणि मुसलमान या दोहोंच्या भावनांचा विचार करून तो बोकडाच्या मांसाचा केला गेला. पण खरी मौज पुढेच आहे. प्लेगच्या जंतूला रसाच्या पृष्ठभागाशी, हवेच्या सान्निध्यात, कशाचा तरी आधार धरून वाढावयास आवडते, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि हा आधार म्हणून त्यांनी चंबूतील रसावर चक्क तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या तरंगत्या थेंबांच्या खालच्या अंगास चिकटत, वाढत, आणि गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी त्यांची पांढुरकी झुंबरे स्वच्छ रसात खाली उतरत. अट एकच होती: चंबू अजिबात हलता कामा नये. मुद्दाम हलविला की ती झुंबरे हिमासारखी भुरभुरत तळाशी बसत, तुपाखाली नवी वाढ सुरू होई, आणि अशी पाच-सहा आठवडे पिकामागून पीक काढल्यावर सारा रस सुमारे ६५ अंश शतमान उष्णतेवर तासभर ठेवून जंतू मारीत.

आता या तुपाविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आपल्याकडील तूप येते लोण्यातून, लोणी ताकातून, ताक दह्यातून. आणि दही म्हणजे दुधात सोडलेल्या जंतूंचीच शेती. निवत आलेल्या दुधात बोट बुडवून कढतपणा अजमावायचा, कालच्या दह्याचे बोटभर विरजण त्यात ढवळायचे आणि भांडे हलणार नाही अशा कोपऱ्यात झाकून ठेवायचे, हा जो प्रकार आमच्या घरी माझी आजी रोज रात्री करी, त्यात बीज, अन्न, उष्णतामान आणि निश्चलता हे जंतुशास्त्राचे चारही धडे आले. फक्त तिने त्यांना नावे दिली नव्हती. घरोघरच्या या मवाळ जंतूंच्या कष्टाचे फळ त्या महाभयंकर जंतूला पाळण्यासारखे बांधले गेले, हा योगायोग मला इतिहासातील कित्येक तहनाम्यांहून अधिक विलक्षण वाटतो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता स्वेच्छेने पुढे आलेल्या दीडशेच्या आसपास कैद्यांना ती टोचली. न टोचलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग स्पष्टपणे कमी आढळला. तथापि लोकांचा सरकारी सुईवर विश्वास बसावा असा तो काळ नव्हता. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, घरझडत्या सुरू झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते मराठी वाचकास सांगावयास नको. तरीही मागणी इतकी वाढली की जागेमागून जागा अपुरी पडली, आणि १८९९ साली लाटसाहेबांचे ते ओस पडलेले परळचे घर प्लेग प्रयोगशाळेच्या स्वाधीन झाले. जेथे पूर्वी नाच आणि मेजवान्या झडत, तेथे आता चंबू न हलण्याची काळजी वाहिली जाऊ लागली.

या साऱ्या यशावर पाणी पाडले ते तिसऱ्याच एका जंतूने, ज्याचा स्वभाव प्लेगच्या जंतूच्या थेट उलट आहे. धनुर्वाताच्या जंतूला हवेचे वावडे. तो मातीत राहतो, प्रतिकूल काळात टणक बीजरूप धारण करून प्लेगच्या जंतूला पुरी पडणारी उष्णता सहज सोसतो, आणि हवाबंद जागा मिळाली की जागा होतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने ठपका ठेवला तो परळवर: बाटली तेथेच दूषित झाली असावी, शिवाय नव्या कृतीत कार्बॉलिक आम्ल वगळले होते. परंतु बाटली उघडताना हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरताच वापरला गेला, ही गोष्टही त्याच चौकशीत नमूद आहे. धनुर्वाताच्या जंतूंनी बाटलीत कित्येक दिवस घर केले असते तर तिला घाण मारावयास हवी होती. तशी ती मारीत नव्हती. सरकारी दप्तरापेक्षा येथे जंतूच्या स्वभावाची साक्ष अधिक सरळ आहे असे माझे मत आहे. पण ती साक्ष मानली जाईपर्यंत हाफकिन यांची नोकरी गेली होती.

रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हा अन्याय उघडकीस आणला, १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले आणि पुन्हा हिंदुस्थानात रुजू झाले. पण परळची जागा रिकामी नव्हती, म्हणून नेमणूक कलकत्त्यास मिळाली. त्या अवधीत परळच्या त्याच घरात ग्लेन लिस्टन आणि प्लेग आयोगाचे शास्त्रज्ञ, फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडलेली व तेव्हा कोणी न मानलेली गोष्ट, म्हणजे उंदरांवरील पिसवाच प्लेग पसरवितात हे, प्रयोगांनी पक्के करीत होते. १९२५ साली त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात होते, आणि त्यांना हिंदुस्थान सोडून दहा वर्षे होत आली होती.