पवई : मुंबईची तहान न भागवलेला तलाव

१/ आज पवई म्हटले की उंच इमारती, आयआयटी आणि वाहतूककोंडी आठवते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र साष्टीतील डोंगरांच्या कुशीत ते एक लहानसे खेडे होते. तलाव तर नव्हताच! या गावाचे उपनगर कसे झाले आणि जमीन ज्या हेतूने दिली गेली त्याचे पुढे काय झाले, ते पाहू.

२/ १८२९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पवईची जमीन फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी व्यापाऱ्यास कायमच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यांनी येथे ऊस, नीळ, तुतीची लागवड केली आणि आमराया वाढवल्या. १८३८ मध्ये पवईचे आंबे राणी व्हिक्टोरियास भेट म्हणून रवाना झाले.

३/ पुढे मुंबईची लोकसंख्या वाढली. विहार आणि तुळशी हे तलाव अपुरे पडू लागले आणि तानसाचे काम अद्याप पूर्ण व्हायचे होते. तातडीचा उपाय म्हणून १८९०-९१ मध्ये ओढा अडवून पवई तलाव बांधण्यात आला. मात्र १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. पवईचे पाणी दर्जाने कमी ठरल्याने पिण्यासाठी ते पुढे बंदच झाले.

४/ तलाव शहराला निरुपयोगी ठरला, पण त्याचा काठ मोलाचा ठरला. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी येथे आयआयटीची पायाभरणी केली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाचे साहाय्य मिळाले होते.

५/ १९८६ मध्ये राज्य शासन, एमएमआरडीए आणि विकसक यांच्यात सुमारे २३० एकरांसाठी करार झाला. अट अशी की, येथे ४० व ८० चौ. मीटरची परवडणारी घरे बांधावीत. प्रत्यक्षात आलिशान वसाहत उभी राहिली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आधी लहान घरे बांधा, मगच पुढचे बांधकाम करा, असा आदेश दिला.

६/ महापालिकेने तलावाकाठी सायकलमार्गाचे काम सुरू केले, तेव्हा आयआयटीचे संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून पूर्ववत स्थिती करण्यास सांगितले. मगरींचा अधिवास असलेला काठ वाचला.

७/ करार दप्तरात पडून राहतात. त्यांतील अटी कोणीतरी वाचाव्या लागतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम येथूनच सुरू होते. तुमच्या गावचे तळे कोणी, कशासाठी बांधले? शोधा आणि खाली लिहा.