वेट, एक्स्पेक्ट, होप : वाट पाहण्याच्या अर्थच्छटा

‘वेट’, ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘होप’ ही तीन वेगळी इंग्रजी क्रियापदे. बोली मराठीत मात्र तिन्हींच्या जागी ‘वाट बघणे’ चालून जाते, आणि इंग्रजी लिहिताना गफलत होते ती इथेच. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा फरक पाटाच्या पाण्यावरून चटकन कळतो.

अकोले तालुक्यातले भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. राहुरीजवळ मुळा धरण आहे. या धरणांतून पाटाला पाण्याचे आवर्तन कधी सुटणार हे ठरलेले नसते तेव्हा शेतकरी आशेवर असतो. ही ‘होप’. तारीख जाहीर झाली की पाणी येणार असे तो धरून चालतो, ते ‘एक्स्पेक्ट’. आणि पाटाच्या शेपटाकडचा, म्हणजे ‘टेल’चा शेतकरी दारे धरायला खोरे घेऊन रात्री बांधावर येऊन बसला, की ते ‘वेट’. ‘एक्स्पेक्ट’ मनातल्या मनात होते, हातातले काम चालू राहते. ‘वेट’मध्ये रात्र जाते.

‘एक्स्पेक्ट’ला इच्छा लागत नाही. कांदा काढणीला आलेला असताना गारपीट ‘एक्स्पेक्ट’ करता येते. तिची ‘होप’ कोणी करत नाही. ‘तो घरी गेला असेल’ यातल्या ‘असेल’लाही इंग्रजीत ‘एक्स्पेक्ट’ वापरतात. म्हणून ‘एक्स्पेक्ट’चे शब्दशः भाषांतर करून पाहुण्याला ‘तुमची अपेक्षा करतो’ लिहिणे चूक. ‘तुम्ही येणार म्हणून वाट पाहतोय’ हेच मराठी. उलट बाजूने, मराठी मुले ‘वेट’नंतरचा ‘फॉर’ विसरतात, कारण ‘तुमची वाट’ यातला ‘ची’ वाटेशी जोडलेला असतो. ‘अवेट’ला ‘फॉर’ लागत नाही. तो शब्द पत्रव्यवहारातला.

मुळाशी गेले तर हे बरेचसे शब्द डोळ्यांचे आहेत. ‘वेट’ जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ नजर ठेवणे. ‘एक्स्पेक्ट’ लॅटिनमधला, बाहेर पाहणे. ‘प्रतीक्षा’ आणि ‘अपेक्षा’ दोन्हींत ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे. आपण तर सरळ वाटच पाहतो.

वाट पाहताना होणारा त्रास सांगायला मराठी अधिक नेमकी आहे. शिर्डीच्या दर्शनबारीत भाविक तिष्ठतात, साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या गाड्या खोळंबतात, एसटी आली नाही की अहिल्यानगरच्या माळीवाडा स्थानकावर प्रवासी ताटकळतात. या तिन्ही क्रियापदांपुढे नुसते ‘वेट’ लिहिणे अपुरे आहे. द्विभाषी कोशकारांनी प्रत्येकाला स्वतंत्र उदाहरण द्यावे.