निरोप आणि पावती

श्रोतेहो, आम्ही शाळा लवकर सुटलेली माणसे. गणकयंत्राचे शास्त्र आम्ही पन्नाशीच्या सुमारास वाचनालयात बसून, जमेल तेवढे वाचले. त्यातला एक प्रश्न मात्र जुन्या ओळखीचा निघाला. एकाने दुसऱ्याला निरोप धाडला, तर तो पोचेपर्यंत धाडणाऱ्याने हात बांधून उभे राहावे काय?

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो पुण्यात. १९८० नंतरच्या दशकात महासंगणक भारताला विकताना अमेरिकेने आडकाठी केली. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात एकच अजस्र मेंदू नव्हता. ब्रिटनच्या ‘इनमॉस’ कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ नावाचे लहान लहान मेंदू एकत्र जोडले होते. प्रत्येकाची स्मृती त्याच्यापुरती. इतरांशी बोलायला चार दुवे. दुसऱ्याला काही कळवायचे, तर निरोप धाडण्यावाचून गत्यंतर नाही.

निरोपाची मूळ रीत इंग्लंडचे टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या विचारातली: घेणारा तयार होईपर्यंत देणाऱ्याने थांबावे. रीत बिनचूक खरी, पण थांबणाऱ्याचा वेळ फुकट जातो. ट्रान्सप्यूटरने त्यावर तोड काढली. एक काम निरोपापायी अडले, की मेंदू दुसरे काम हाती घेई, आणि दुवा आपला निरोप वाहत राही. पुढे १९९४ साली ‘एम.पी.आय.’ ही नियमावली प्रसिद्ध झाली. तिने आज्ञावली लिहिणाऱ्यालाच मुभा दिली: निरोप सोपवा, एक पावती घ्या, तडक पुढच्या कामाला लागा, सवडीने पावती दाखवून ‘झाले का?’ असे विचारा.

या मुभेला अट आहे. ‘झाले’ असे उत्तर मिळेपर्यंत ज्या जागेत निरोप लिहिला, तिला हात लावायचा नाही; यंत्र अजून तेथूनच मजकूर उचलत असते. शिवाय ‘झाले’ म्हणजे जागा मोकळी झाली इतकेच. पलीकडच्याला निरोप मिळालाच, असा त्याचा अर्थ नव्हे.

हे वाचले आणि आम्हांस डोंबिवलीतले एक कारखान्याचे फाटक आठवले. तीसेक वर्षे झाली असतील. संपाच्या सभेचा वार आणि वेळ आम्ही फळ्यावर लिहिली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतून आलेला एक तरुण कामगार ती वहीत उतरवून घेत होता. थांबायला आम्हांस सवड कुठली! अर्धे उतरले नाही तोच फळा पुसून आम्ही त्याच जागी दुसरी सूचना लिहिली. त्याच्या वहीत वार पहिल्या सूचनेचा आणि वेळ दुसरीची, असा निरोप गेला. वागळे इस्टेटीतली मंडळी पोचली तेव्हा सभा उठली होती, ठराव त्यांच्यावाचून झाला होता. तो ठराव आपला नव्हे, असे ती पुढे कित्येक महिने म्हणत, आणि आम्हांस उत्तर नसे.

थांबलो नाही, यात आमची चूक नव्हती. पुसण्याआधी ‘झाले का?’ एवढे दोन शब्द विचारले नाहीत, ही होती. त्या दिवशी आम्ही मात्र त्या तरुणावरच रागावलो.