फ्लायशर, लिऑन

फ्लायशर, लिऑन : (२३ जुलै १९२८ – २ ऑगस्ट २०२०). अमेरिकन पियानोवादक, वाद्यवृंद-संचालक व पियानोशिक्षक. ऐन भरात असताना उजव्या हाताची बोटे निकामी झाल्याने दोन्ही हातांनी वाजवण्याची त्यांची कारकीर्द सुमारे तीस वर्षे खंडित झाली. या काळात त्यांनी केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत मैफलीत रुजवले, वाद्यवृंदांचे संचालन केले आणि पियानोवादकांच्या अनेक पिढ्या घडवल्या. अध्यापनाकडे ते हात गेल्यामुळे वळले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात विकार उद्‌भवण्याच्या पाच वर्षे आधीच त्यांनी बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीतसंस्थेत शिकवायला सुरुवात केली होती. विकाराने त्यांची शिकवण्याची रीत मात्र बदलली.

बालपण व शिक्षण : जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे, पूर्व युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात. वडील ओडेसाचे, टोप्या बनवण्याचा व्यवसाय करणारे, आई पोलंडची. पियानोची शिकवणी आधी थोरल्या भावाची होती. शिक्षक निघून गेले की धाकटा लिऑन नुसते ऐकलेले धडे वाजवून दाखवी, तेव्हा शिकवणी त्याचीच सुरू झाली. त्या वेळी तो चार वर्षांचा होता. आठव्या वर्षी त्याचे पहिले जाहीर वादन झाले. सॅन फ्रान्सिस्को सिंफनीचे माजी संचालक आल्फ्रेड हर्ट्झ आणि तत्कालीन संचालक प्येर माँतू या दोघांनी त्याच्यात विशेष लक्ष घातले.

बेथोव्हन आणि शूबर्ट यांच्या सोनाटांचे थोर भाष्यकार मानले गेलेले आर्टुर श्नाबेल लहान मुलांना शिष्य म्हणून घेत नसत. हर्ट्झ यांनी त्यांना जेवायला बोलावले आणि आधीच घरात आणून ठेवलेल्या लिऑनला त्यांच्यापुढे वाजवायला बसवले. श्नाबेल यांनी त्याला पत्करले. अट एकच, शिकत असताना जाहीर मैफली करायच्या नाहीत. १९३८ साली नऊ वर्षांचा लिऑन इटलीत कोमो सरोवराकाठच्या ट्रेमेझो येथे त्यांच्याकडे गेला. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर श्नाबेल अमेरिकेत आले आणि पुढचे शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झाले. एकूण दहा वर्षे ही तालीम चालली.

श्नाबेल हे थिओडोर लेशेटित्स्की यांचे शिष्य, लेशेटित्स्की हे कार्ल चेर्नी यांचे आणि चेर्नी हे खुद्द बेथोव्हनचे. फ्लायशर या परंपरेचा अभिमान बाळगत. पण तिच्यातून त्यांनी घेतले ते बोटांचे ठरावीक वळण नव्हे. स्वरलिपीत लिहिलेली प्रत्येक खूण तिथे का आहे याचा शोध घेण्याची सवय त्यांना श्नाबेल यांच्याकडून लागली. श्नाबेल एकाच्या शिकवणीला इतर शिष्यांनाही बसवून घेत. त्यामुळे स्वतः न वाजवलेल्या रचनाही ऐकून ऐकून पाठ होत आणि दुसऱ्याची अडचण सोडवताना आपली उकल होई. हीच पद्धत पुढे फ्लायशर यांनी आपल्या वर्गात चालू ठेवली.

उत्कर्षकाळ : १९४४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी माँतू यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकबरोबर ब्राम्सचा डी मायनरमधील पहिला कन्चेर्टो वाजवला. दणकट बांधणीची ही दीर्घ रचना पुढे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९५० च्या सुमारास ते युरोपात राहायला गेले. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी जिंकली. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले अमेरिकन होत. या यशानंतर दोन्ही खंडांतून त्यांना निमंत्रणे येऊ लागली.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर केलेली ध्वनिमुद्रणे. बेथोव्हनचे पाचही कन्चेर्टो, ब्राम्सचे दोन्ही, शिवाय शूमान, ग्रीग व मोत्सार्ट यांचे कन्चेर्टो या दोघांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षांत ध्वनिमुद्रित केले. सेल अत्यंत काटेकोर. एकेका वाद्याच्या प्रवेशावर त्यांची नजर असे. फ्लायशर यांचे वादन ताकदीचे असूनही भपकेबाज नव्हते. लयीचा कणा ताठ आणि स्वरवाक्य मात्र मोकळे, हा या मुद्रणांचा गुण. बेथोव्हन व ब्राम्सच्या कन्चेर्टोंची ही मुद्रणे आजही प्रमाण म्हणून ऐकली जातात.

उजव्या हाताचा विकार : १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाजवताना आपोआप तळव्याकडे वळू लागले. वेदना फारशी नव्हती. बोटे सांगितलेले ऐकत नव्हती इतकेच. १९६५ साली क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रा सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा फ्लायशर यांनी सोबत जायचे ठरले होते. दौऱ्याआधीच्या मैफलीत हाताची अवस्था सेल यांच्या लक्षात आली आणि फ्लायशर मागे राहिले. त्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते.

हा विकार ‘फोकल डिस्टोनिया’ या नावाने ओळखला जातो. यात स्नायू किंवा सांधा बिघडलेला नसतो. मेंदूकडून हालचालीसाठी जाणाऱ्या आज्ञा विस्कळीत होतात. ज्या स्नायूने सैल व्हायचे तोही आवळला जातो. बहुधा ठरावीक कामापुरताच तो प्रकट होतो, म्हणजे पियानोवर वळणारे बोट चमचा धरताना नीट चालू शकते. वर्षानुवर्षे त्याच सूक्ष्म हालचाली करणाऱ्या वादकांत आणि लेखनिकांत तो आढळतो. १९६० च्या दशकात मात्र वैद्यकाला त्याची पुरेशी ओळख नव्हती. फ्लायशर यांनी इंजेक्शने, मानसोपचार, संमोहन असे अनेक उपाय केले. बोटे अडू लागल्यावर त्यांनी सराव आणखी वाढवला होता आणि त्यानेच दुखणे बळावले, असे ते नंतर विद्यार्थ्यांना बजावून सांगत. या काळात त्यांना खोल नैराश्याने ग्रासले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचेही त्यांनी उघडपणे सांगितले आहे.

डाव्या हाताचे संगीत : पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले व्हिएन्नाचे पियानोवादक पॉल विट्‌गेनश्टाइन यांनी अनेक संगीतकारांकडून केवळ डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या होत्या. राव्हेलचा कन्चेर्टो, प्रोकोफिएव्हचा चौथा कन्चेर्टो आणि ब्रिटनच्या ‘डायव्हर्शन्स’ या त्यांतील प्रमुख. फ्लायशर यांनी हे भांडार हाती घेतले. या तिन्ही रचना त्यांनी सैजी ओझावा यांच्या संचालनाखाली बॉस्टन सिंफनीबरोबर ध्वनिमुद्रितही केल्या. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या ‘शाकोन’चे ब्राम्सने डाव्या हातासाठी केलेले रूपांतर हेही त्यांच्या मैफलींत नित्य असे.

अशा वादनात एकाच हाताला खर्जाचा पाया, मधली संवादी स्वरसंगती आणि वरची धून सांभाळावी लागते. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांकडे असल्याने धून बहुधा त्याच्याकडे येते, आणि हात दूर सरकला तरी खालचे स्वर घुमत राहावेत म्हणून पेडलवर फार भिस्त असते. विट्‌गेनश्टाइनसाठीच हिंडेमिटने १९२३ मध्ये लिहिलेली पियानो व वाद्यवृंदाची एक रचना विट्‌गेनश्टाइन यांनी कधी वाजवली नव्हती आणि ती अज्ञातच राहिली होती. २००२ साली तिचा शोध लागला. डिसेंबर २००४ मध्ये सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मॉनिकबरोबर तिचे पहिले वादन फ्लायशर यांनी केले. ल्यूकस फॉस, विल्यम बोल्कम यांसारख्या समकालीन संगीतकारांनीही त्यांच्यासाठी रचना लिहिल्या. बोल्कम यांची रचना दोन डाव्या हातांसाठी आहे. तिच्यातला दुसरा हात गॅरी ग्राफमन यांचा होता. फ्लायशर यांचे स्नेही असलेल्या या पियानोवादकाचाही उजवा हात असाच निकामी झाला होता.

याच सुमारास ते वाद्यवृंद-संचालनाकडे वळले. वॉशिंग्टनमध्ये ‘थिएटर चेंबर प्लेअर्स’ या समूहाची स्थापना करण्यात त्यांचा वाटा होता. १९७० पासून बारा वर्षे ते ॲनापोलिस सिंफनीचे संगीतप्रमुख होते आणि बाल्टिमोर सिंफनीतही त्यांनी सहसंचालक म्हणून काम केले.

अध्यापन : १९५९ साली पीबॉडीत सुरू झालेले अध्यापन सहा दशके चालले. फिलाडेल्फियाची कर्टिस संस्था आणि टोराँटोची रॉयल कन्झर्व्हेटरी येथेही त्यांनी शिकवले. १९८६ ते १९९७ या काळात ते बॉस्टन सिंफनीच्या टँगलवूड संगीतकेंद्राचे कलासंचालक होते. केंद्राच्या धोरणाविषयी ओझावा यांच्याशी तीव्र मतभेद झाल्यावर ते तेथून बाहेर पडले.

हात शाबूत असेपर्यंत त्यांचे शिकवणे पुष्कळसे वाजवून दाखवण्याचे होते. शिष्याला बाजूला सारून स्वतः पियानोवर बसणे सोपे असते, पण त्यातून शिष्य बहुधा नक्कल करायला शिकतो. उजवा हात गेल्यावर फ्लायशर यांना तोच परिणाम शब्दांतून साधावा लागला. एखादा स्वर मोठा हवा एवढे सांगून भागेना. तो कोणत्या स्वराकडे निघाला आहे, आधीचा विराम किती ताणायचा, खर्जाची चाल कुठे बदलते, हे नेमकेपणाने मांडावे लागे. या सक्तीमुळे आपण अधिक चांगले शिक्षक झालो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या शिकवणीत लयीला पहिले स्थान होते. स्वर शक्य तितका उशिरा यावा, पण उशीर झाल्यासारखा वाटू नये, हे त्यांचे सूत्र शिष्यांमध्ये प्रसिद्ध आहे. स्वर वाजवण्याआधी तो मनात ऐकू आला पाहिजे. नाहीतर बोटांनी काढलेला आवाज हा अपघात ठरतो, असा त्यांचा आग्रह असे. यांत्रिक घोकंपट्टीला त्यांचा सक्त विरोध होता आणि त्यामागे स्वतःच्या हाताचा अनुभव होता. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, लुई लोर्ती, जोनाथन बिस हे त्यांच्याकडे शिकलेले नामवंत वादक. या शिष्यांची शैली एकमेकांपासून सहज वेगळी ओळखू येते.

पुनरागमन : १९८२ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या मायरहॉफ सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांनी दोन्ही हातांनी वाजवले. बेथोव्हनचा चौथा कन्चेर्टो ठरला होता; त्याऐवजी फ्रांकच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ निवडाव्या लागल्या. लोकांनी डोक्यावर घेतले, तरी हात बरा झालेला नाही हे त्यांना कळून चुकले आणि पुढच्या मैफली त्यांनी सोडल्या. खरा उतार पडला तो १९९० च्या दशकात. आखडलेल्या ऊती खोलवर मोकळ्या करणारे ‘रॉल्फिंग’ मर्दन आणि बोट्युलिनम विषाची अल्पमात्रेतील इंजेक्शने यांचा त्यांना उपयोग झाला. हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अंशतः अडवते, त्यामुळे आवळलेला स्नायू काही महिने सैल राहतो. मूळ विकार त्याने जात नाही. फ्लायशर यांना इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागली.

१९९५ साली त्यांनी क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर मोत्सार्टचा ए मेजरमधील कन्चेर्टो (क्रमांक १२) वाजवला. सुमारे चार दशकांनंतरचे दोन्ही हातांचे त्यांचे एकलवादन ‘टू हँड्स’ या नावाने २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शूबर्टचा बी फ्लॅट मेजरमधील अखेरचा सोनाटा हा त्याचा गाभा. तरुणपणीचा वेग येथे नाही. निवडही त्या बेताने, संथ व गंभीर रचनांची आहे. याच नावाचा नॅथॅनिएल कान यांचा लघु माहितीपट २००६ सालचा असून त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पत्नी कॅथरीन जेकबसन यांच्यासह चार हातांचे पियानोवादनही ते करीत.

२००७ मध्ये त्यांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. इराक युद्धाला त्यांचा विरोध होता; व्हाइट हाउसमधील समारंभाला जाताना वाटणारा संकोच त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून मांडला. संगीतसमीक्षक ॲन मिजेट यांच्या सहकार्याने लिहिलेले ‘माय नाइन लाइव्ह्ज’ हे त्यांचे आत्मचरित्र २०१० साली आले. अखेरच्या दिवसांपर्यंत ते शिकवत होते. बाल्टिमोर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या उघड बोलण्यामुळे वादकांच्या हातांचे विकार लपवून ठेवण्याची रीत मोडायला मदत झाली.