सेवाग्रामचा सुरा आणि कटाचा पुरावा

सप्टेंबर १९४४. गांधी जिन्नांना भेटायला मुंबईला निघणार होते. त्यांना अडवायला वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमापाशी निदर्शकांची तुकडी आली. पोलिसांनी पकडले तेव्हा एकाजवळ सुरा सापडला. पण नुसत्या सुऱ्याने कट सिद्ध होत नाही. गुन्हा करण्याचे दोघांचे किंवा अधिकांचे संगनमत म्हणजे कट. दंड संहितेत त्याचे कलम १२०-ब १९१३ साली आले. संगनमताचा करारनामा कोण करून ठेवतो? म्हणून ते परिस्थितीवरून, नाहीतर माफीच्या साक्षीदाराकरवी सिद्ध करतात.

गांधी खून खटल्यात तो साक्षीदार दिगंबर बडगे होता. सावरकरांविरुद्ध त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्यांना निर्दोष सोडले. सावरकरांचे अंगरक्षक आप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे जबाब पोलिसांनी घेतले होते, पण दोघांना कोर्टात उभेच केले नाही! पुढे १९६९ मध्ये कपूर आयोगाने सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाकडेच बोट दाखवले. तेव्हा सावरकर हयात नव्हते.

दुजोऱ्याचा नियम आम्हाला मान्यच आहे. तो आमच्या माणसांनाही लावा. भीमा कोरेगाव प्रकरणात आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, स्वाधीन झाले. दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा नाही असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. खटला उभा राहण्याआधीच अडीच वर्षे तुरुंगात गेली.