बाजूने येणारा माणूस

दृष्टिक्षेत्र मोजण्याचा इतिहास हा बसलेल्या माणसाचा इतिहास आहे. १८५६ मध्ये बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने ही तपासणी दवाखान्यात रुजवली, १९४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमनने अर्धगोल भांड्यासारखे यंत्र दिले. हनुवटी टेकलेली, नजर खिळलेली. काचबिंदूचा माग ठेवायला ते पुरते, रस्त्यावर नाही. चालताना मान वळते, डोळे भिरभिरतात. शिवाय चालणारा आणि बाजूने येणारा, या दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल, तर धडकणारा माणूस नजरेत एकाच कोनावर राहतो (खलाशांचा हा जुनाच ठोकताळा). तो कोन न दिसणाऱ्या भागात पडला, की माणूस जवळ येऊनही दिसत नाही.

असे प्रसंग खऱ्या रस्त्यावर मुद्दाम घडवणे अमानुष ठरेल. म्हणून बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेत एली पेली आणि सहकाऱ्यांनी आभासी मॉलचा आधार घेतला. पडद्यावरच्या धडकेने डोके फुटत नाही, मग सावधपणा खरा कसा, हा आक्षेप रास्तच. डोक्यावरचे आभासी चष्मे तर स्वतःच दृष्टिक्षेत्र अरुंद करतात! पण इथे धाडस मोजायचे नसते. समोरचा माणूस कोणत्या कोनावर, किती उशिरा दिसला, एवढेच पाहायचे असते, आणि ते गोल्डमनच्या भांड्यात कधीच दिसले नसते.