क्लॅम्प सैल होताना

समजा, तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकातून सुटलेल्या अँब्युलन्समध्ये बसला आहात. पायाशी बर्फाची पेटी, पेटीत एका दात्याची फुप्फुसं. मुंबई सुमारे १७० किलोमीटर. पोलिसांनी ग्रीन कॉरिडॉर केलाय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे इगतपुरीपासून कसारा घाटाची वळणंही टळतात. साधारण सहा ते आठ तास फुप्फुस थंडीत तग धरतं, तेव्हा वेळेत पोचाल. मोठा घाव मात्र बसतो तो पोचल्यानंतर, रक्त परत आल्यावर.

मागे चला. ११ जून १९६३, अमेरिकेतलं जॅक्सन. डॉ. जेम्स हार्डी माणसाच्या छातीत पहिल्यांदाच दुसऱ्याचं फुप्फुस बसवताहेत. रुग्ण १८ दिवस जगतो.

आता पुढे या, टोरंटोला. शिवण पूर्ण झालीय. रक्तवाहिनीवरचा क्लॅम्प निघतो, पांढुरकं फुप्फुस लाल होतं. तुम्हाला वाटतं, जिंकलो. पण रक्ताविना काढलेल्या तासांत पेशींमध्ये हायपोझँथिन नावाचं रसायन साचलेलं असतं. ऑक्सिजन येताच या रसायनावरच्या प्रक्रियेतून सुपरऑक्साइड हे घातक संयुग सुटतं. केशवाहिन्यांचं अस्तर गळू लागतं, पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. जीवनदायी रक्तच इथे वैरी होतं.

दहा मिनिटांनी, एका चाचणीचा भाग म्हणून, डॉक्टर नळीतून नायट्रिक ऑक्साइड सोडतात. रक्तवाहिन्या सैल करणारा हा वायू फुप्फुस वाचवेल, अशी सगळ्यांची आशा. ८४ रुग्णांवरच्या या चाचणीचा निकाल २००३ मध्ये छापून आला : सरसकट दिल्याने घाव टळत नाही. मला या नकाराचं मोल फार वाटतं. महागडा वायू सगळ्यांना देण्याचा हट्ट त्याने सोडवला. ज्याचा ऑक्सिजन खरोखर घसरलाय, त्याच्यासाठी तो आजही हाताशी असतो.

त्याच शहरात २०११ पर्यंत डॉ. शाफ केशवजींच्या चमूने फुप्फुसं शरीराबाहेर, ३७ अंशांवर, चार तास चालवून दाखवली. फुप्फुस छातीत शिरण्याआधीच त्याला औषध देता येईल, अशी जागा त्यामुळे मिळाली.

परत या, मुंबईच्या ऑपरेशन थिएटरात. पेटीतल्या फुप्फुसांना नाशिकमध्येच, बर्फात ठेवण्यापूर्वी, प्रोस्टाग्लँडिन हे औषध मिळालंय. रुग्णाच्या शिरेतून स्टिरॉइड गेलंय. सर्जन क्लॅम्प एकदम काढत नाहीत. दहाएक मिनिटांत, थोडा थोडा सैल करतात. पुढचे ७२ तास रक्तातला ऑक्सिजन आणि छातीचा एक्स-रे पुन्हा पुन्हा पाहिला जाईल.